अंधारात किती वाजले?

रात्री मध्येच जाग येते. पंखा गरगरत असतो, शेजारी कुणीतरी घोरत असतं, आणि मनात पहिला प्रश्न येतो, किती वाजले असतील? अजून खूप झोपायला मिळणार आहे, की पाचच मिनिटांत आई हाक मारणार आहे? घड्याळ तर उशाशीच आहे. पण एक तर ते दिसत नाही, नाहीतर इतकं लख्ख दिसतं की डोळे दिपतात आणि उरलीसुरली झोपही पळून जाते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? छान झगमगत्या आकड्यांचं घड्याळ आणायचं! जा की मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत, नाहीतर लक्ष्मी रोडवर. दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो. त्या उजेडातही जे घड्याळ सगळ्यांत उठून दिसतं, तेच आपण घरी आणतो. रात्री दिवा मालवला की कळतं, अख्खी खोली निळी झाली आहे! आणि दुकानात जे अगदी मिणमिणतं वाटलं होतं, ते अंधारात झकास वाचता येतं. घड्याळ तेच, आकडे तेच. बदलले ते आपले डोळे. म्हणून आज मी तुम्हाला घड्याळापेक्षा डोळ्यांबद्दलच जास्त सांगणार आहे. डोळा अंधारात कसा वागतो हे कळलं की घड्याळ तुमचं तुम्हालाच निवडता येईल.

पण त्याआधी जरा एका राणीच्या उशाशी डोकावू या.

तारीख होती २४ जून १६६४. लंडनमध्ये सॅम्युअल पेप्स नावाचे एक गृहस्थ राजवाडा बघायला गेले. ते आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि दिवसभरात जे जे दिसेल ते रोजनिशीत लिहून ठेवायची त्यांना सवय होती. राणीच्या शयनगृहात त्यांनी पलंगाशेजारी एक घड्याळ पाहिलं. त्याच्या पोटात दिवा जळत होता, त्यामुळे रात्री केव्हाही डोळे उघडले तरी राणीला वेळ कळायची. ही राणी कोण, ठाऊक आहे? ब्रागांझाची कॅथरीन, म्हणजे पोर्तुगालची राजकन्या. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा १६६१ च्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली होती. तीच ही राणी! मुंबईची गोष्ट आपण सगळे इतिहासात वाचतो, पण तिच्या उशाशी असलेलं हे घड्याळ मला त्या तहाइतकंच आवडतं.

अशी घड्याळं आधी रोममध्ये निघाली. त्या वेळचे पोप, सातवे अलेक्झांडर, यांना रात्री झोप लागत नसे आणि वर घड्याळाची टिकटिक सहन होत नसे. कंपानी घराण्यातल्या भावांनी त्यांच्यासाठी आवाज न करणारं, अंधारात वाचता येणारं घड्याळ बनवलं. आकडे तबकडीत आरपार कोरलेले, मागे तेलाचा दिवा. नेहमीसारखे काटेच नाहीत. एका कमानदार फटीतून तासाचा उजळलेला आकडा डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत जायचा, आणि कमानीवर पाव तासांच्या खुणा असायच्या. तीनचा आकडा कमानीच्या मध्यावर आला, की समजायचं साडेतीन. किती साधं आणि किती सुंदर! झोपेतून उठलेल्या माणसाला लहान काटा कुठला, मोठा कुठला, असलं कोडं सोडवावंच लागत नव्हतं.

आणि आपल्या पुण्यात तेव्हा काय होतं? राणीचं घड्याळ पेप्स यांनी पाहिलं, त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल १६६३ मध्ये, शिवाजी महाराज रात्रीच्या अंधारात लाल महालात शिरले होते. शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती त्याच रात्री. आपल्याकडे वेळ मोजायची ती घटिकापात्रानं. तळाला बारीक भोक असलेली धातूची वाटी पाण्यावर ठेवायची. भोकातून पाणी शिरत शिरत वाटी बुडाली, की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि दिवसरात्र मिळून अशा ६० घटका. लग्नाचा मुहूर्त साधायला हे पात्र पुढेही कितीतरी वर्षं वापरात होतं. पण त्याची अडचण लक्षात आली का? बुडालेली वाटी उचलून पुन्हा पाण्यावर ठेवायला कुणीतरी जागं राहावं लागतं, आणि किती बुडाल्या तेही मोजावं लागतं. मध्यरात्री जाग आली तर त्या जागत्या माणसालाच विचारायचं! शिवाय पटकन दिवा लावून बघू म्हणावं, तर आगपेटीही नव्हती. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढल्या. त्याआधी चकमक झाडून ठिणगी पाडा, ती कापसावर धरा, फुंकर घाला. एवढं सगळं होईपर्यंत झोपेचं काय होत असेल?

आता डोळ्यांकडे येऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या दोन फौजा आहेत. एक शंकूपेशींची, साधारण ४५ लाखांची. दुसरी दंडपेशींची, नऊ कोटींच्या आसपास! शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग ओळखतात, बारीक अक्षरं वाचतात. तुम्ही आत्ता हे वाचताय ते त्यांच्याच जोरावर. दंडपेशींना रंग कळत नाहीत, बारकावे कळत नाहीत. पण जिथे शंकूपेशींना काहीच दिसत नाही अशा अंधुक उजेडातही त्या इमानेइतबारे काम करत राहतात.

मात्र त्यांना तयारीला वेळ लागतो. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेड पडला की ते फिकं पडतं, अंधार झाला की पुन्हा साठायला लागतं. पुरतं साठायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. ते बनवायला शरीराला अ जीवनसत्त्व लागतं. आजी ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढते, गाजर, पपई खायला लावते, त्यात तुमच्या रात्रीच्या नजरेची सोय असते. अ जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर रातांधळेपणा येतो.

आता विचार करा. रात्री तीनला तुम्ही डोळे उघडता, तेव्हा दंडपेशी कित्येक तास अंधारात राहून अगदी सज्ज झालेल्या असतात. बाहुल्याही मोठ्या झालेल्या असतात, मुलांच्या तर चांगल्या सात-आठ मिलिमीटरपर्यंत. अशा डोळ्यांवर वेळ बघायला म्हणून मोबाइलचा पडदा उजळला, की ऱ्होडॉप्सिन फिकं पडलंच! मग बाथरूमला जाताना दाराची कडी सापडत नाही आणि पायाचं बोट टेबलावर आपटतं.

याच डोळ्यांची आणखी एक गंमत आहे, आणि ती तुम्हाला अंगणात नाहीतर सोसायटीच्या बागेत बघता येईल. लाल जास्वंदीचं झाड शोधा. दुपारी बघाल तर फूल भडक लाल, पानं त्यापुढे फिकी. तेच झाड संध्याकाळी दिवेलागणीनंतर, रस्त्यावरचा दिवा जवळ नसेल अशा ठिकाणी, पाचपाच मिनिटांनी बघत राहा. फूल काळपट होत जाईल आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटू लागतील. साधारण दोनशे वर्षांपूर्वी यान पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाला पहाटे फिरताना फुलांचा हाच बदल दिसला. म्हणून त्याला पुरकिन्ये परिणाम म्हणतात. कारण असं, की दंडपेशींना सगळ्यात चांगला दिसतो तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, म्हणजे निळसर हिरवा. गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

या एका गोष्टीतून रात्रीच्या घड्याळाचे दोन रस्ते निघतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट दिशेला जातात! पहिला रस्ता हिरव्याचा. दंडपेशींना हिरवा छान दिसतो, तर अगदी कणभर हिरवा प्रकाश वापरा, काम होईल. दुसरा रस्ता लाल. दंडपेशींना लाल दिसत नाही, म्हणजेच मंद लाल प्रकाशानं त्यांचं ऱ्होडॉप्सिन फिकं पडत नाही. आकडे शंकूपेशींनी वाचायचे आणि दंडपेशींना त्रासच द्यायचा नाही. आकाश बघायला जाणारे लोक हा दुसरा रस्ता पक्का ओळखतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे, टिळक स्मारक मंदिरात तिचं कार्यालय आहे. अशा निरीक्षकांबरोबर रात्री गावाबाहेर गेलात, तर त्यांच्या टॉर्चवर लाल कागद लावलेला दिसेल. नकाशा वाचायचा, पण तारे बघायला तयार झालेली नजर बिघडवायची नाही.

हे लोक तुम्हाला आणखी एक युक्ती शिकवतात, आणि घड्याळाशी तिचा अगदी जवळचा संबंध आहे. अंधुक तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा! विचित्र वाटतं ना? पण दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यावर, जिथे आपण नजर रोखतो तिथे, दंडपेशी नसतातच. तिथे फक्त शंकूपेशींची दाटी. हात लांब करून अंगठा धरा, साधारण त्याच्या नखाएवढा हा भाग आहे. एक मीटरवर ठेवलेल्या घड्याळावर तो दोन-सव्वादोन सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणून पहाटे तीनला अंधुक चमकणाऱ्या काट्याकडे तुम्ही टक लावून बघितलंत, तर काटा चक्क गायब होतो. घड्याळ बिघडलेलं नसतं. नजर थोडी वर किंवा कडेला न्या, काटा परत येतो. आज रात्रीच करून बघा, मला स्वतःला हा प्रयोग अजूनही दरवेळी नवा वाटतो.

अंधारात आपोआप चमकणारे काटे आले कुठून, ती गोष्ट मात्र दुःखाची आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधून काढलं. पुढे थोड्याच वर्षांत लोकांनी रेडियम आणि झिंक सल्फाइड एकत्र करून रंग बनवला. रेडियममधून सतत किरणोत्सर्ग होतो, त्याच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड रात्रंदिवस चमकत राहतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांना खंदकात अशी घड्याळं हवी होती. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली कारखान्यात बसून घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे रंगवू लागल्या. कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरून टोकदार करायला त्यांना सांगितलेलं होतं. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात जायचं आणि हाडांत जाऊन बसायचं. अनेक जणी भयंकर आजारी पडल्या, कितीतरी दगावल्या. त्यांच्यातल्या पाच जणी कोर्टात गेल्या, आणि १९२८ मध्ये कंपनीला त्यांना भरपाई द्यावी लागली. कामगारांच्या सुरक्षेचे नियम कडक व्हायला त्या पाच जणींची हिंमत कारणी लागली. घड्याळांच्या इतिहासात मोठमोठ्या कारागिरांची नावं घेतात, तशीच या मुलींची आठवणही ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आजोबांच्या पेटीत खूप जुनं, परदेशी, चमकत्या आकड्यांचं घड्याळ असेल तर ते कधीही उघडू नका, आकडे खरवडू नका. आता ते चमकत नसेल, तरीही. झिंक सल्फाइड झिजून गेलेलं असतं, पण रेडियम मात्र निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात.

तुमच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्यांना सगळे रेडियमच म्हणतात, पण घाबरू नका, त्यांत रेडियमचा कणही नसतो. चांगल्या प्रतीच्या चांदण्यांत आणि आजच्या घड्याळांत स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नावाची पावडर असते, आणि तिच्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या धातूंचे अगदी थोडे कण मिसळलेले असतात. ही करामत जपानच्या नेमोतो कंपनीनं १९९३ मध्ये जगापुढे आणली. जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा ही पावडर कितीतरी जास्त उजळ आणि कितीतरी जास्त वेळ चमकते. कशी? प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन उसळी घेतात आणि स्फटिकातल्या खळग्यांमध्ये जाऊन अडकतात. खोलीतल्या साध्या उष्णतेचे धक्के बसत राहतात, आणि एकेक इलेक्ट्रॉन खळग्यातून सुटून परत आपल्या जागी येतो. येताना हिरवा प्रकाश सोडतो, साधारण ५२० नॅनोमीटरचा. म्हणजे आपल्या दंडपेशींच्या आवडीच्या रंगाच्या अगदी शेजारचा!

हे उष्णतेच्या धक्क्यांचं खरं की खोटं, ते घरीच तपासता येतं. सारख्या दोन चांदण्या घ्या, दोन्ही एकाच दिव्याखाली पाच मिनिटं धरा. मग एक मुठीत गरम ठेवा, दुसरी फ्रिजमध्ये ठेवा. थोड्या वेळानं अंधाऱ्या खोलीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लगेच बघा. मुठीतली जास्त उजळ दिसेल, कारण तिच्यातले इलेक्ट्रॉन भराभर सुटताहेत. पण तिचा साठाही आधी संपेल. फ्रिजमधली मिणमिणती असेल, मात्र बाहेर काढून तिला तळहाताची ऊब दिलीत की ती अचानक उजळेल. दुसरा प्रयोग असा, की एक चांदणी लाल जिलेटीन कागदातून आलेल्या प्रकाशात धरा आणि दुसरी निळ्या कागदातून आलेल्या प्रकाशात. लाल प्रकाशातली जेमतेमच चमकेल. तिचे इलेक्ट्रॉन खळग्यांपर्यंत उडवायला लागणारी ताकद लाल प्रकाशात नसते.

ही पावडर लावलेल्या घड्याळाला चमकायला वीज लागत नाही, खोली निळी होत नाही, झोप मोडत नाही. पण पहाटेपर्यंत ते बरंच मंदावतं. आणि काट्यांच्या घड्याळात एक जुनी अडचण आहेच, अंधारात वरची बाजू कुठली? म्हणून पाणबुडे वापरतात त्या मनगटी घड्याळांत बाराच्या जागी त्रिकोण किंवा दोन ठिपके असतात. उशाचं घड्याळ घेतानाही बाराची खूण वेगळी आहे का ते बघा. नाहीतर घड्याळ आडवं पडलं, की तीनचे बारा व्हायला वेळ लागत नाही.

आता विजेवर चालणारे आकडे. जुनी डिजिटल घड्याळं बहुतेक लालच का असायची, हा प्रश्न कधी पडलाय? एलईडीचा डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये मिळवला. लाल प्रकाशासाठी इलेक्ट्रॉनला लहान उडी पुरते. निळ्यासाठी मोठी उडी लागते, आणि ती घेऊ देणारा गॅलियम नायट्राइडचा स्वच्छ स्फटिक काही केल्या बनेना. चकचकीत निळा एलईडी यायला तीस वर्षं लागली. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो घडवला, आणि २०१४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच निळ्या एलईडीवर पिवळसर चमकणारा लेप देऊन आपल्या घरातले पांढरे दिवे बनतात. त्यामुळे निळ्या एलईडीचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. फक्त तो उशाशी नको.

का नको? एक कारण डोळ्याच्या भिंगाचं. निळा प्रकाश भिंगातून जाताना लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकतो आणि दृष्टिपटलाच्या थोडा अलीकडेच एकत्र येतो. रात्री बाहुली मोठी असते, तेव्हा हा गोंधळ आणखी वाढतो. म्हणून लांबच्या दुकानाची निळी पाटी रात्री धूसर दिसते आणि लाल पाटी रेखीव. रस्त्यावरून येताना नीट बघा. ज्यांना लांबचं कमी दिसतं, म्हणजे ज्यांच्या चष्म्याचा नंबर उणे आहे, त्यांच्या डोळ्यात सगळंच अलीकडे एकत्र येतं, त्यामुळे त्यांना निळा आकडा जास्तच फिसकटलेला दिसतो.

दुसरं कारण झोपेचं. शंकू आणि दंड सोडून डोळ्यात आणखी एका प्रकारच्या प्रकाशपेशी आहेत, हे अमेरिकेतल्या डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. या पेशी चित्र बघण्यासाठी नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूला कळवतात, आणि निळा प्रकाश त्यांना सगळ्यांत जास्त जाणवतो. निळा उजेड भरपूर आला की मेंदूला वाटतं उजाडलं, आणि रात्री तयार होणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होतं. एका लहानशा घड्याळाचा उजेड तसा थोडाच असतो, त्यानं एवढा मोठा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. नाकापासून वीतभर अंतरावर धरलेला मोबाइल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो. पण घड्याळ रात्रभर तोंडासमोर असणार, तर मग लाल किंवा नारिंगी का नको? ते डोळ्यांपासून दुप्पट लांब ठेवलंत, तर डोळ्यात येणारा त्याचा उजेड चौपट कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

लांब ठेवायचं तर आकडा केवढा हवा? इथे चष्म्याच्या दुकानातला तक्ता मदतीला येतो. हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये तयार केला. नजर उत्तम असेल तर सहा मीटरवरून पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता येतं. फक्त दंडपेशींवर वाचायचं झालं तर त्याच्या साधारण दहापट मोठं हवं. हिशोब करा, एक मीटरवरच्या घड्याळाचा आकडा दीड सेंटिमीटर उंच हवा, दोन मीटरवरच्याचा तीन. एलईडीचे आकडे शंकूपेशींनाही दिसतात, त्यामुळे थोडे लहान असले तरी चालतं. पण झोपेत डोळे किलकिलेच उघडतात, तेव्हा दीड सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

चष्मा असणाऱ्यांचा हिशोब निराळा. नंबर उणे २ असेल तर अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर, उणे ४ असेल तर २५ सेंटिमीटरपलीकडचं. एक भागिले नंबर, इतकं सोपं गणित! अशांनी घड्याळ हाताशी ठेवावं, म्हणजे उचलून जवळ धरता येतं.

पेन्सिल सेलवर चालणारी, करड्या पडद्यावर काळे आकडे दाखवणारी घड्याळंही असतात. ती स्वतः उजेड पाडत नाहीत, त्यामुळे बटण दाबून दिवा लावावा लागतो. बटण मोठं आणि वरच्या बाजूला असेल तर माझ्या मते तो फार चांगला सौदा आहे. हवं तेव्हाच उजेड, एरवी मिट्ट काळोख, आणि एक सेल कितीतरी महिने पुरतो. एलईडीच्या घड्याळाला मात्र प्लग लागतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि आत जादा सेल नसेल, तर वीज आल्यावर ते १२:०० असं डोळे मिचकावत बसतं.

काहींना तर उजेडाची गरजच पडत नाही. अंध व्यक्तींसाठी काच उघडून काट्यांना बोटानं स्पर्श करता येईल अशी घड्याळं असतात, आपल्या एचएमटी कंपनीनंही ती बनवली होती. बटण दाबलं की वेळ बोलून दाखवणारीही मिळतात. आणि दोरी ओढली की टोल वाजवून वेळ सांगणारी घड्याळं इंग्लंडमध्ये १६७६ च्या सुमारासच निघाली होती.

आता एक कोडं, कारण दुकानात त्याचा उपयोग होणार आहे. डिजिटल घड्याळाचा प्रत्येक आकडा सात पट्ट्यांनी बनतो. आठ लिहायला सातही पेटतात, शून्याला सहा, एकाला दोनच. मग बारा तासांच्या घड्याळात सगळ्यांत कमी पट्ट्या केव्हा पेटतात? १:११ ला, फक्त सहा. आणि सगळ्यांत जास्त? कागदावर मोजून बघा. उत्तर आहे १०:०८, तब्बल एकवीस! म्हणजे तेच घड्याळ दहा वाजून आठ मिनिटांनी १:११ च्या साडेतीनपट उजेड टाकतं.

तेव्हा दुकानात गेलात की काकांना सांगा, घड्याळात १०:०८ लावून द्या. मग पिशवी नाहीतर दप्तराचं झाकण घड्याळावर धरून आत अंधार करा आणि डोकावून बघा. डोळ्यांना खुपतंय? मंद करायचं बटण आहे का ते विचारा, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर पुन्हा बघा. नंतर ६:०८ लावायला सांगा. सहा आणि आठ यांच्यात एकाच पट्टीचा फरक असतो, तो दोन हात लांबून कळला पाहिजे. घड्याळ आजीसाठी घेत असाल तर आजीला बरोबर न्या. वय वाढलं की बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं, मोतीबिंदू असेल तर प्रखर आकड्यांभोवती वलय दिसतं. त्यामुळे तुम्हाला आवडलेलं घड्याळ तिला वाचता येईलच असं नाही. चष्मा काढून बघायला सांगा, आणि तिनं वेळ बरोबर सांगितली, तरच पैसे द्या.